सायन्सच, आणि तेही बाहेरगावीच? दहावीच्या पालकांत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

दहावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. दरवर्षी शब्द बदलतात, मजकूर तोच. सायन्स घेतलं तरच पुढचे सगळे रस्ते उघडे राहतात. आर्ट्स-कॉमर्स म्हणजे शेवट. डिप्लोमा आणि आयटीआय कमी मार्कांच्या पोरांसाठी. आपल्याकडे शिकून काही होत नाही, लातूर, कोटा नाहीतर पुण्याला पाठवा. नववीपासून फाउंडेशन क्लास नसेल तर नीट-जेईई, म्हणजे मेडिकल-इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षा, विसरा. पैसे नसतील तर कर्ज काढा, पण पोराचं नुकसान करू नका.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात शिकवतो. हा मेसेज वाचून आलेल्या पालकांचा निर्णय बहुतेक वेळा झालेला असतो, सरांनी फक्त मान हलवायची असते. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांची दोन-दोन वर्षं आणि घरच्यांची आयुष्यभराची बचत अशा मजकुरावर लागते, याचा मला मनापासून त्रास होतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सायन्स घेतलं की सगळे रस्ते उघडे’

यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. बारावी सायन्स केलेला मुलगा बीए, बीकॉमला जाऊ शकतो. आर्ट्स केलेल्याला इंजिनिअरिंग किंवा मेडिकल मिळत नाही. पण रस्ता उघडा राहतो तो मार्क पडले तर. राज्यात इंजिनिअरिंगला बारावीत ग्रुपच्या विषयांत (फिजिक्स, गणित आणि केमिस्ट्रीसारखा तिसरा विषय) खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात, राखीव वर्गाला ४०. एमबीबीएससाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत खुल्या वर्गाला ५० टक्के, आणि वर नीट. ज्याला गणित नववीपासून जड जातंय, त्याने केवळ ‘रस्ते उघडे ठेवायला’ सायन्स घेतलं तर दोन वर्षांनी तो कसाबसा पास होऊन बीएच्या वर्गात बसतो. शेजारी बसलेली मुलगी दोन वर्षं इतिहास-अर्थशास्त्र आवडीने वाचून आलेली असते.

दुसरं, सायन्सच्या आतही एकच रस्ता नाही. गणित सोडून बायोलॉजी घेतली की इंजिनिअरिंग गेलं. बायोलॉजी सोडली की मेडिकल गेलं. दोन्ही ठेवली तर अभ्यासाचा बोजा वाढतो. हा निर्णय अकरावीच्या फॉर्मवर एका मिनिटात होतो, बहुतेकदा मित्राने काय घेतलं ते बघून. मेसेजमध्ये याबद्दल एक शब्द नसतो.

आपल्या भागातलं जवळचं उदाहरण म्हणजे एनडीए, बारावीनंतर सैन्यात अधिकारी होण्यासाठीची परीक्षा. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली, अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपल्याकडची, त्यामुळे दर वर्गात दोन-चार पोरांच्या मनात फौज असतेच. २०२१ पासून मुलींनाही ही परीक्षा देता येते. त्यासाठी सायन्सच लागतं असा सगळ्यांचा समज आहे. प्रत्यक्षात भूदलासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं ते नौदल आणि हवाई दलाला. मात्र लेखी परीक्षा ९०० मार्कांची, त्यातला गणिताचा पेपर ३०० चा, आणि तो सगळ्यांनाच द्यावा लागतो. मग फौजेत जाऊ म्हणणाऱ्या आर्ट्सच्या मुलीने काय करावं? ज्या ज्युनिअर कॉलेजात आर्ट्सला गणित हा विषय मिळतो, तिथे तो घ्यावा. एवढी एक गोष्ट दहावीतच कळली, तर बारावीनंतरचं रडणं टळतं.

म्हणून मी पालकांना कागद उलटा लिहायला सांगतो. वर मुलाला आवडणारी दोन-तीन कामं. त्याखाली त्यांचे कोर्स. त्याखाली त्या कोर्सची प्रवेश परीक्षा, त्याखाली परीक्षेला लागणारे विषय. शाखा सगळ्यात शेवटी लिहायची. मेसेज ती सगळ्यात आधी लिहायला लावतो.

‘आर्ट्स-कॉमर्स म्हणजे शेवट’

हे सरळ चूक आहे. यूपीएससी आणि राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते. पाच वर्षांच्या लॉची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीतही लॉ कॉलेजं आहेत. डिझाइनच्या यूसीड आणि निफ्टच्या परीक्षांना तिन्ही शाखांची मुलं बसतात. सीए फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतरच करता येते, परीक्षा बारावीनंतर, शाखेची अट नाही. नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, दोन वर्षांची झाली आहे. सांगलीच्या हळद-बेदाण्याच्या पेठेत, साखर कारखान्यांत, कुपवाडच्या एमआयडीसीत हिशेब आणि जीएसटी नीट समजणारा माणूस लागतोच लागतो. आणि यशवंतराव चव्हाण, जे आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेत जन्मले, ते बीए आणि मग वकिली शिकले होते.

‘डिप्लोमा, आयटीआय कमी मार्कांच्या पोरांसाठी’

मेसेजमधलं मला सगळ्यात जास्त लागणारं वाक्य हे. यामुळे हुशार, हाताने काम करण्याची आवड असलेली पोरं नको त्या वर्गात जाऊन बसतात.

हिशेब मांडून बघा. अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि इंजिनिअरिंगची चार, म्हणजे दहावीनंतर सहा. डिप्लोमाची तीन वर्षं आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन इंजिनिअरिंगची तीन, म्हणजे पुन्हा सहाच. एकही वर्ष वाया जात नाही. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या मार्कांवर होतो, त्याला सीईटी नाही. मंजूर जागांच्या १० टक्के जागा त्यासाठी असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजलाही पोरं या वाटेने जातात. तिथे चुरस मोठी, डिप्लोमाला उत्तम मार्क लागतात. आणि सहापैकी तीन वर्षांनंतर हातात एक पूर्ण पात्रता असते. घरची अडचण आली तर तिथे थांबून नोकरी धरता येते, नंतर पुन्हा शिकता येतं. बारावी सायन्सवर थांबलेल्या मुलाच्या हातात तसं काहीच नसतं.

कराडला आणि मिरजेला शासकीय पॉलिटेक्निक आहे. प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो, आणि तिथल्या मागणी असलेल्या शाखा कमी मार्कांवर मिळत नाहीत. ‘कमी मार्कांच्या पोरांसाठी’ म्हणणाऱ्याने मागच्या वर्षाची कटऑफ यादी एकदा उघडून बघावी.

अडचण सांगायची तर तीही सांगतो. डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या पोरांना तिथलं गणित जड जातं, कारण पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी त्या पद्धतीने केलेलं नसतं. मराठी माध्यमातून आलेल्यांना डिप्लोमाचं पहिलं सेमिस्टर इंग्रजीमुळे अवघड जातं. दहावीनंतरची सुट्टी याच दोन गोष्टींवर घालवावी. आणि ज्याच्या मनात आयआयटी पक्की आहे, त्याने अकरावी-बारावीच करावी.

आयटीआयचंही तसंच. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड. ते करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे दार तिथेही बंद नाही. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येतं. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासून उभा आहे, सातारा, कुपवाड, मिरज, फलटण इथे उद्योग आहेत. मायक्रोमीटरवर मोजून जॉब पास करणारा, ड्रॉइंग वाचून सीएनसी मशीनवर सेटिंग लावणारा पोरगा तिथे पाहिजेच असतो. काही ट्रेडना तर दहावी नापासही चालते. पण म्हणून सगळे ट्रेड नापासांचे होत नाहीत.

‘इथे काही होत नाही, बाहेर पाठवा’

इथे माहितीची चूक आहे आणि ती महागात पडू शकते. नीटनंतर महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात, १५ टक्के देशपातळीवर. राज्याच्या कोट्यात बसायला, मोजके अपवाद सोडता, शिक्षण महाराष्ट्रात झालेलं लागतं. राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन बारावीची परीक्षा तिथल्याच कॉलेजातून दिली, तर ज्या जागांसाठी एवढा खटाटोप त्याच हातच्या जातात. पाठवायचंच असेल तर आधी प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतली पात्रतेची पानं वाचा.

लातूरला गेल्याने प्रवेशात काही फायदा होतो, असंही अजून ऐकू येतं. मेडिकलचा विभागवार ७०:३० चा नियम (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकी राज्याला) राज्याने २०२० मध्येच रद्द केला. आता राज्याची यादी एक. तिथल्या शिक्षकांचा, अभ्यासाच्या वातावरणाचा उपयोग होत असेल, तो मी नाकारत नाही; पण तो पेपरात दिसला तरच.

आणि इथे काय आहे? सांगलीचं वालचंद १९४७ चं. कराडचं शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं. मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज १९६२ चं, साताऱ्याचं अलीकडे सुरू झालेलं. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं. राज्यभरातली पोरं मार्क मिळवून या कॉलेजांत यायला धडपडतात, आणि आपण शेजारी राहून ‘इथे काही नाही’ म्हणतो.

सोळाव्या वर्षी घर सोडणं प्रत्येकाला झेपतंच असं नाही, हेही बोललं पाहिजे. काही पोरं बाहेर खुलतात. काही पोरं मेसचं जेवण, एकटेपणा आणि दर रविवारच्या टेस्टच्या रँकने खचून जातात आणि घरी सांगत नाहीत, कारण बापाने कर्ज काढलंय हे त्यांना माहीत असतं. पाठवण्याआधी मुलाला विचारा, आणि ‘परत यायचं असेल तर ये’ हे वाक्य त्याच दिवशी बोलून ठेवा.

‘नववीपासून क्लास नसेल तर विसरा’

शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार सोळा वर्षांखालच्या मुलाला क्लासने दाखल करून घ्यायचं नाही, प्रवेश दहावीच्या परीक्षेनंतरच, आणि रँकची किंवा मार्कांची हमी द्यायची नाही. म्हणजे नववीतल्या ‘फाउंडेशन’चा आग्रह या सूचनांच्या विरुद्धच जातो.

अभ्यासाचं म्हणाल तर राज्याची इंजिनिअरिंगची सीईटी २०० मार्कांची. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन मार्कांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका मार्काचे. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर, बाकी बारावीवर, आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा. दहावीच्या दमणुकीनंतर अकरावी ‘आरामाचं वर्ष’ म्हणून सोडून देणाऱ्या मुलाचं जेवढं नुकसान होतं, तेवढं क्लास न लावणाऱ्याचं होत नाही. नीट-जेईईला चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, तिथे सराव वेगळा लागतो, आणि चांगला क्लास मदत करतो. तो अकरावीत लावला तरी चालतो.

‘कर्ज काढा, पण मागे हटू नका’

कर्ज काढण्याआधी हक्काचं काय आहे ते बघा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून (कॅप राउंड) झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतलं की ही सवलत गेली. ‘कॅप राउंडची वाट बघू नका, आत्ता सीट बुक करा’ असं कुणी सांगत असेल, तर या एका कारणासाठी तिथून उठा. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत निम्मी शिक्षण फी मिळते, वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख योजना आहे, अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. आणि आठवीत असलेल्या धाकट्या भावंडाला एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा: उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. शिवाजी विद्यापीठात आजही या नावाची योजना आहे. पैसे नाहीत म्हणून सावकाराचं दार, हे या जिल्ह्यांत तरी पहिलं उत्तर असू नये.

पण सवलती कागदांवर अडतात, आणि हे मी दर जूनमध्ये बघतो. एक आई प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळे दाखले टेबलावर मांडते. मुलीच्या दाखल्यावर आडनाव एका तऱ्हेने, वडिलांच्या दाखल्यावर दुसऱ्या, आजोबांचा दाखला नाहीच. ओबीसीच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारतात, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे आजोबांच्या शाळेतलं जुनं जनरल रजिस्टर शोधायचं, नोंदीचा उतारा घ्यायचा, नावात फरक असेल तर त्याचा खुलासा जोडायचा. मुलीचा अभ्यास झालेला असतो, मार्क पडलेले असतात, आणि शेवटच्या तारखेला व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, हातात नसते.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर ताजे लागतात, ते प्रवेशाच्या वर्षीच काढा. अधिवास, जातीचा दाखला आणि पडताळणीची तयारी मात्र दहावीत असतानाच सुरू करा. आजोबांच्या नोंदीचा उतारा बहुतेक वेळा गावच्या जिल्हा परिषद शाळेतून आणावा लागतो, आणि ती शाळा मे महिन्यात सुट्टीला बंद असते. तेव्हा हे काम दिवाळीच्या सुट्टीआधी उरकून घ्या.