‘गरीब ७.६ टक्के देतात, श्रीमंत ४.२’: हा आकडा नक्की कुणाचा?

आमच्या वाचनालय समितीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच संदेश पुन्हा आला. ‘अमेरिकेत सिद्ध झालंय. गरीब माणूस कमाईतले ७.६ टक्के दान करतो, श्रीमंत फक्त ४.२. पैसा वाढला की मन आटतं. जगभर हेच दिसतं, प्रयोगही झालेत.’ त्याखाली समितीतल्या एका काकांनी लिहिलं, ‘म्हणून सांगतो, बंगल्यांकडे जाऊच नका. पावतीपुस्तक चाळींतच फिरवा.’ ते दोन आकडे खोटे नाहीत. त्यांचा लावलेला अर्थ खोटा आहे. त्या अर्थावरून आपण कुणाच्या दारात जायचं हे ठरणार असेल, तर मला गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा, ‘गरीब ७.६ टक्के देतात’. हा हिशेब ‘क्रॉनिकल ऑफ फिलँथ्रॉपी’ या अमेरिकी नियतकालिकाने २०१२ साली मांडला, २००८ च्या प्राप्तिकर विवरणपत्रांवरून. त्यात वर्षाला ५०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त कमावणारेच घेतले होते. ७.६ टक्के हा ५० ते ७५ हजार डॉलरवाल्यांचा आकडा आहे आणि ४.२ हा एक लाखाच्या वरच्यांचा. त्या काळात अमेरिकेतल्या अगदी मधल्या घराचं उत्पन्नच साधारण ५०,००० डॉलर होतं. म्हणजे संदेशातला ‘गरीब’ हा तिथला चांगला खाऊनपिऊन सुखी मध्यमवर्ग. गरीब माणूस त्या तक्त्यात नव्हताच.

शिवाय हे टक्के कमाईचेही नाहीत. कर, घर, जेवणखाण असा खर्च वजा करून जे हातात उरतं, त्याचे आहेत. भाजक लहान केला की टक्का फुगणारच. आणि त्या विवरणपत्रांत दान दिसत होतं ते वजावटींचा तपशील भरणाऱ्यांचंच, म्हणजे करसवलतीसाठी एकेक खर्च वेगळा लिहिणाऱ्यांचंच. बहुतेक अमेरिकी सगळ्यांना मिळणारी ठरावीक सरसकट वजावट घेऊन मोकळे होतात. मध्यम कमाईचा माणूस हा तपशील भरतो तो मुख्यतः गृहकर्जाचं व्याज, कर किंवा दान यांचा आकडा मोठा असेल तेव्हाच. त्यामुळे हात सैल असलेले त्या यादीत आपसूक जास्त येतात.

दुसरा मुद्दा, ‘हेच सगळीकडे दिसतं’. इथे खरी मेख आहे, म्हणून एक हिशेब करून दाखवते. आकडे माझ्या मनचे आहेत. एका वाडीत दहा घरं, प्रत्येकाची कमाई १५,०००. दोन घरं ६०० रुपये देतात, आठ काहीच देत नाहीत. देणाऱ्यांची सरासरी काढली तर ४ टक्के. आता एक लाख कमावणारी दहा घरं घ्या. त्यातली आठ १,५०० देतात. देणाऱ्यांची सरासरी दीड टक्का. झालं, गरीब दानशूर ठरले! पण न देणारी घरं धरून बघा. वाडी ०.८ टक्क्यावर येते, दुसरी गल्ली १.२ वर. निकालच उलटला. वाडीतल्या आठ घरांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात महिनाअखेर काय उरतं ते मला दिसतं. पण ती शून्यं पुसून टाकायची आणि मग ‘गरीब जास्त देतात’ म्हणायचं, हा त्या घरांवरही अन्याय आहे.

कमी उत्पन्नवाल्यांची जी सरासरी खरोखर जास्त दिसते, तिच्यामागे कोण आहे, हे रसेल जेम्स आणि डियाना शार्प या अमेरिकी संशोधकांनी २००७ च्या अभ्यासात शोधलं. ती मोजकी घरं निघाली, कमाईचा दहावा हिस्सा किंवा जास्त देणारी. त्यांत वय झालेले, पगार थांबलेले पण मालमत्ता बाळगून असलेले लोक बरेच. निवृत्त माणसाचं उत्पन्न कमी असतं. तेवढ्यावरून तो गरीब होत नाही.

धर्माचंही तसंच. क्रॉनिकलच्याच राज्यवार यादीत युटा पहिलं, कारण तिथल्या मॉर्मन पंथात दहावा हिस्सा देण्याची रीत आहे. धार्मिक दान बाजूला काढलं की न्यूयॉर्क अठराव्यावरून दुसऱ्या क्रमांकावर येतं.

तिसरा मुद्दा, ‘प्रयोग झालेत’. झाला आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये लोकांना गुण (पॉइंट) वाटायला दिले आणि खालच्या वर्गातल्यांनी अनोळखी जोडीदाराला जास्त दिले. पण त्या प्रयोगात माणसं शे-सव्वाशे होती. २०१५ मध्ये कोर्नडोर्फर, एग्लॉफ आणि श्मुकले या जर्मन संशोधकांनी जर्मनी, अमेरिका आणि इतर देशांच्या मोठ्या पाहण्या तपासल्या. जर्मनी आणि अमेरिकेत वरच्या वर्गातल्या लोकांनी दान करण्याची शक्यता जास्त होती, कमाईतला वाटाही जास्त होता. ही बातमी मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही.

मग संदेशात खरं काहीच नाही का? आहे. देणाऱ्यांपुरतं पाहिलं तर कमाई वाढते तसा टक्का अनेकदा घसरतो. पामाला विपकिंग यांनी नेदरलँड्समधल्या दानाचा अभ्यास करून याचं एक कारण सुचवलं: कुठे किती द्यायचं याचा एक ठरलेला आकडा लोकांच्या डोक्यात असतो आणि तो कमाईप्रमाणे बदलत नाही. गणपतीची वर्गणी गोळा केलेल्या कुणालाही हे पटेल. माझ्यासमोर आत्ता आमचं पावतीपुस्तक आहे. १०१, १०१, २५१, १०१, ५०१, १०१. यातली एक १०१ ची पावती रिक्षाचालकाची, एक डॉक्टरांची. वरची पावती पाहून दोघांनी तोच आकडा सांगितला. डॉक्टर कंजूष नाहीत. त्यांच्याकडे कुणी जास्त मागितलंच नाही.

आपल्याकडचं चित्र अमेरिकी करतक्त्यावरून तर मुळीच काढता येत नाही. इथे दानावरची प्राप्तिकर सवलत जुन्या करप्रणालीतच आहे, आणि २,००० रुपयांच्या वरच्या रोख दानाला ती मिळत नाही. दानपेटीत टाकलेली नोट, वारीत वाढलेलं पिठलं-भाकरी, मोलकरणीच्या मुलीची भरलेली फी, यातलं काहीच विवरणपत्रात उतरत नाही.

म्हणून काकांना मी एवढंच कळवलं आहे: येत्या रविवारी बंगल्यांच्या बाजूने सुरुवात करू. पहिली पावती १,००१ ची फाडू, म्हणजे पुढच्याच्या डोळ्यांसमोर तो आकडा राहील. आणि एक वेगळी वही सोबत घेऊ. ज्या घरांनी ‘नाही’ म्हटलं त्यांची नावं नकोत, पण गल्लीवार संख्या लिहायची, चाळीतली आणि बंगल्यांतली, दोन्हीकडची.