चाचणी नापास होणार हे अपेक्षितच होतं

ब्राउझर इंजिनाच्या, म्हणजे वेबपान पडद्यावर मांडणाऱ्या ब्राउझरच्या गाभ्याच्या, एखाद्या प्रकल्पात नुकतेच रुजू झाला असाल, तर लवकरच कुणीतरी वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स (इंजिन वेबचे नियम पाळतं का ते बघणाऱ्या चाचण्या) आपल्या प्रकल्पात आणायचं काम तुमच्या गळ्यात मारेल. घाबरू नका. क्रोमियम, फायरफॉक्स, वेबकिट (सफारीचं इंजिन), सर्वो अशा सगळ्यांनी मिळून वापरायच्या या चाचण्या गिटहबवर एकाच रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात, असतात. त्या फक्त आणायच्या असतात. वाचायला कुणी सांगितलंय?

म्हणून या कामाला माणूस मुळीच लावू नका. माणूस फाईल उघडतो. 'हिरवा भरीव चौकोन दिसला आणि लाल कुठेच नसलं तर पास' हे वाक्य तिथे पानोपानी असतं. ते वाचून त्याला आपल्या इंजिनात लाल का दिसतंय हे शोधावंसं वाटतं, आणि दुपार गेलीच म्हणून समजा. बॉटला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला, असले मोह नसतात. तो ताजी आवृत्ती ओढतो, जुन्या फायलींवर नव्या टाकतो, सगळं एकदा चालवतो, नापास झालेलं सगळं निमूट मान्य करतो आणि कमिट करून, म्हणजे बदल कायमचा नोंदवून, मोकळा होतो.

मान्य कसं करायचं, ते मात्र नीट समजून घ्या. क्रोमियम आणि वेबकिटमध्ये चाचणीसोबत अपेक्षित निकालाची एक मजकूर-फाईल ठेवता येते. इंजिनाने छापलेलं या फाईलशी जुळलं की झालं. आता इंजिनाने 'फेल' छापलं तर? फाईलमध्येही 'फेल' लिहून ठेवायचं. उद्यापासून इंजिन इमानेइतबारे फेल छापेल, फाईलही फेलच म्हणेल, दोघांचं एकमत आणि दिवा हिरवा. पोराने चुकवलेलं गणितच आदर्श उत्तरपत्रिकेत छापलं की शाळेचा निकाल शंभर टक्के लागणारच. फायरफॉक्सवाले हेच आयएनआय फायलीत 'एक्स्पेक्टेड: फेल' असं लिहितात. पद्धत वेगळी, पुण्य तेवढंच.

या व्यवस्थेला खरा त्रास होतो तो बग दुरुस्त करणाऱ्यांचा. एखादी उत्साही बाई रात्री जागून फ्लेक्सबॉक्समधली (पानाच्या मांडणीच्या एका पद्धतीतली) जुनी चूक काढते, चाचणी पास होते, आणि फायरफॉक्सच्या लॉगमध्ये 'अनएक्स्पेक्टेड पास' झळकून चाचण्यांची अख्खी फेरी नापासाच्या नारिंगी रंगात जाते. अपेक्षाभंग केला ना तिने! तेव्हा दुरुस्ती करायची खुमखुमी आलीच तर आधी अपेक्षांची फाईल बघा, आणि शक्यतो खुमखुमी आवरा.

कधी पास, कधी नापास होणाऱ्या चाचण्यांनाही सोय आहे. अपेक्षेत दोन्ही लिहा. मग काहीही झालं तरी तुमचंच बरोबर.

क्रोमियमकडून आणखी एक गोष्ट घ्या. तिथल्या टेस्ट-एक्स्पेक्टेशन्स फायलीत बॉटने आणलेल्या नव्या चाचण्यांसाठी स्वतंत्र मथळा असायचा आणि त्याखालच्या ओळींवर वर्षानुवर्षं एकच बग क्रमांक: ६२६७०३. विषय सीएसएस असो, फेच असो, वेबआरटीसी असो, गाठोडं त्याच खुंटीवर. सगळ्यांचा बग म्हणजे कुणाचाच नाही. अलीकडे बॉट नव्या अपयशांबद्दल त्या त्या टीमच्या नावावर बग टाकतो, हे जरा अतीच झालं. पण फोल्डरच्या माहितीत 'नोटिफाय: नो' अशी ओळ घालता येते, एवढी माणुसकी शिल्लक आहे.

आणलेल्या चाचणीत चूक सापडली आणि बदल परत गिटहबवर पोचवणारा बॉट तुमच्याकडे नसला, तर आपल्याच प्रतीत दुरुस्त करा, मूळ रेपॉझिटरीला कळवू नका. पुढच्या इंपोर्टला, म्हणजे चाचण्या पुन्हा आणताना, ती दुरुस्ती पुसली जाईल, मग पुन्हा दुरुस्त करा. कामाला तोटा नाही. स्वतः लिहिलेल्या चाचण्या सामायिक फोल्डरात ठेवायची चूक तर कधीच करू नका. क्रोमियम आणि फायरफॉक्सचे बॉट त्या आपोआप गिटहबवर पोचवतात. म्हणजे घाम तुमचा आणि फायदा सफारीवाल्यांचा! प्रत्येक प्रकल्पात खाजगी चाचण्यांचं एक फोल्डर असतं. ते खास ब्राउझरपुरत्या गोष्टींसाठी असतं म्हणे, पण कोण तपासतंय?

अडचण एकच, डब्ल्यूपीटी डॉट एफवायआय हे संकेतस्थळ. तिथे याच चाचण्या सगळ्या ब्राउझरांवर चालवून निकाल शेजारी-शेजारी लावतात, आणि तुमची अपेक्षांची फाईल तिथे कुणी वाचतच नाही. फेल म्हणजे सरळ फेल. वर २०२२ पासून दरवर्षी इंटरॉपचे, म्हणजे ब्राउझरांचा आपसात मेळ किती बसतो याचे, गुणही चव्हाट्यावर. साहेबांनी ते पान उघडून तुमच्या रकान्यातल्या लाल रंगाबद्दल विचारलंच, तर शांतपणे सांगा: इंपोर्ट काल रात्रीच झालाय साहेब, एकही अडचण न येता. त्यात खोटं काहीच नाही.