मांजराला फिरायला न्यायचं तर घरासकट न्या

मांजर सोबत घेऊन मोटरहोमने, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीने, फिरता येतं, आणि ते मजेत राहतं, हे मी अगदी ठामपणे सांगते. अट एकच. कॅम्पसाइटवर मांजर मोकळं सोडायचं नाही. पाच मिनिटंही नाही, पहाटे कुणी नसतानाही नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, आमची मांजर ठमी आमच्याबरोबर गाडीतून हिंडते, आणि तिचे फोटो टाकले की दोन प्रकारचे मेसेज येतात. भारतातून येतात ते म्हणतात, बिचारीला कशाला फरफटवता? इथल्या मित्रमंडळींचे येतात ते म्हणतात, एवढ्या सुंदर जागी नेलंय तर जरा बाहेर सोडा की. मला दोन्ही पटत नाहीत. का, ते सविस्तर लिहिते.

माझी आई सांगलीची. आमच्या जुन्या घरी मांजरं कौलांवरून यायची-जायची, त्यांना कुणी 'पाळलं' असं म्हणायची सोयच नव्हती. आई म्हणते, कुत्रं माणसामागे जातं, मांजर घराला धरून असतं. तिचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच मी मांजर घेऊन हॉटेलात किंवा भाड्याच्या कॉटेजमध्ये जाणार नाही. तिथे दर मुक्कामाला नवी जमीन, नवा पलंग, आधीच्या पाहुण्यांच्या कुत्र्याचा वास. मांजर दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही आणि तिसऱ्या दिवशी आपण निघतो. मोटरहोमात घरच सोबत निघतं. तीच चादर, तोच शी-शूचा ट्रे, तीच वाटी, सोफ्याखालच्या गरम हवेच्या झरोक्यासमोरची तीच जागा. बदलतं ते फक्त खिडकीबाहेरचं.

पण गाडी तिचं घर व्हायला वेळ द्यावा लागतो. गाडी दारात उभी असतानाच ठमीचं जेवण आम्ही आत द्यायला लागलो होतो. मग आत झोपणं, मग इंजिन नुसतं चालू करून बंद करणं, मग गल्लीला एक फेरी. घाईने हे होत नाही. ज्यांना पुढच्या शनिवारी निघायचंय आणि मांजराने गाडी अजून आतून पाहिलेलीही नाही, त्यांनी यंदा मांजर घरी ठेवावं आणि कुणाला तरी रोज येऊन बघायला सांगावं. यात कमीपणा काही नाही.

गाडी चालू असताना मांजर कॅरियरमध्येच, आणि कॅरियर सीटबेल्टने बांधलेला. डॅशबोर्डवर ऐटीत बसलेल्या मांजरांचे व्हिडिओ बघून मला राग येतो. ब्रिटनच्या हायवे कोडचा, म्हणजे वाहतुकीच्या नियमावलीचा, नियम ५७ सांगतो, की गाडीतला प्राणी नीट बांधलेला किंवा बंदिस्त असावा. घाबरलेलं मांजर अंधाऱ्या बोळकांडीत शिरतं, आणि ड्रायव्हरच्या पायाशी, ब्रेकच्या पॅडलखाली तशी जागा असते. याहून जास्त समजावून सांगायची गरज नसावी.

पिचवर, म्हणजे कॅम्पसाइटवर गाडी उभी करायला मिळालेल्या जागेवर, पोहोचल्यावरचा क्रम आमच्याकडे ठरलेला आहे. हँडब्रेक ओढल्याचा आवाज झाला की कॅरियरमधून पहिलं म्याँव येतं. लगेच सोडायचं नाही. आधी चाकांखाली रॅम्प लावून गाडी सपाट करायची, विजेची निळी केबल जोडायची, पायरी बाहेर काढायची, कारण हे सगळं होईपर्यंत दार दहा वेळा उघडतं. मग दार बंद, आणि मगच कॅरियर उघडायचा. आधी मिशा बाहेर येतात, मग डोकं. मग जमिनीला पोट लावून ती थेट टेबलाखाली जाते, तिथून सोफ्याच्या कोपऱ्याशी येते आणि त्यावर गाल घासते. मांजराच्या गालात गंधाच्या ग्रंथी असतात; गाल घासणं म्हणजे ही जागा माझी असं लिहून ठेवणं. तो गाल घासला गेला की माझा जीव भांड्यात पडतो. त्यानंतर ती ट्रेकडे जाते, पाणी पिते, आणि पुढच्या काचेपाशी बसून संध्याकाळी गवतात येणारे ससे बघते. हॅबिटेशन डोअर, म्हणजे गाडीच्या राहायच्या भागाचं दार, उघडण्याआधी आमच्याकडे आजही "ठमी कुठे?" अशी हाक असते, आणि आतून "दिसतेय" असं उत्तर आल्याशिवाय कडीला हात लागत नाही.

खिडक्यांचंही तसंच. मोटरहोमच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या, वर बिजागरी असलेल्या, खालून बाहेर ढकलल्या जाणाऱ्या. आतली डासांची जाळी मांजराच्या नखांपुढे टिकत नाही. खिडकी पहिल्या खाचेपर्यंतच उघडायची, नाहीतर जाड जाळीची वेगळी फ्रेम बसवायची. आम्ही फ्रेम बसवल्या.

आता मुख्य मुद्दा. ब्रिटनमध्ये मांजराला बाहेर सोडणं स्वाभाविक मानतात, आणि घराच्या बाबतीत मला ते मान्य आहे. पण इथल्याच मांजरांच्या संस्था सांगतात, की घर बदललं तर निदान दोन-तीन आठवडे मांजर आत ठेवा, नाहीतर ते वाट चुकतं. मग तीन रात्रींच्या मुक्कामाच्या कॅम्पसाइटवर ते कुठल्या ओळखीवर परत येणार? शेजारच्या कॅराव्हॅनमधल्या आजी प्रेमाने म्हणतात, "भूक लागली की येईल." येईलही. पण तोवर कुणाचा तरी कुत्रा मागे लागला, एखाद्या आवाजाने ते बिथरून दुसऱ्या गाडीखाली जाऊन बसलं आणि ती गाडी सकाळी निघाली, तर? इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून २० आठवड्यांवरच्या पाळीव मांजराला मायक्रोचिप सक्तीची आहे, नसेल तर ५०० पौंडांपर्यंत दंड. चिप जरूर हवी, नोंदीतला फोन नंबर ताजा हवा. पण चिप म्हणजे जीपीएस नाही. मांजर कुणीतरी पकडून व्हेटकडे नेलं, तरच तिचा उपयोग.

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये तर या अटीमागे आणखी मोठं कारण आहे. तिथलं रानमांजर नामशेष व्हायच्या काठावर आहे, आणि पाळीव मांजरांशी होणारा संकर हा त्याला सगळ्यात मोठा धोका. तिथल्या केर्नगॉर्म्स डोंगररांगांत २०२३ साली पिंजऱ्यात जन्मलेली १९ रानमांजरं जंगलात सोडली, आणि पुढच्या वर्षी त्यांना तिथे पिल्लं झाली. किती माणसांचे किती कष्ट असतील त्यामागे! नसबंदी झालेल्या मांजरामुळे संकर होत नाही हे खरं, पण मांजरांचे आजार त्यांच्यापर्यंत जाऊ शकतात. शिवाय टिटवीच्या कुळातले पक्षी तिथे जमिनीवर अंडी घालतात. आपण पाहुणे म्हणून जातो. आपल्या मांजराने तिथलं पिल्लू मारलेलं मला चालणार नाही.

म्हणजे ठमी कोंडलेली असते का? नाही. हार्नेस आणि लांब पट्टा. हार्नेस दार उघडायच्या आधी, आतच घालायचा. आणि मांजर कुत्र्यासारखं चालत नाही, आपण त्याच्या मागे चालायचं. ती एका दगडापाशी पाव तास बसेल, तर आपणही पाव तास तिथेच.

कॅम्पसाइटवर मांजराला असलेले धोके कुत्रेवाल्यांना माहीत नसतात, ते एकदा लिहून ठेवते. कुत्र्यांच्या पिसवांवरच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी. नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला मांजर चिकटू देऊ नका. इंजिनच्या अँटीफ्रीझमधलं इथिलिन ग्लायकॉल थोडंसं जरी चाटलं तरी मूत्रपिंडं जातात. पिचवर गाडीखाली हिरवट-निळसर थेंब दिसले तर मांजर तिथून दूर. हायलँड्समध्ये उन्हाळ्यात मिज येतात, चिलटांसारखे बारीक पण कडकडून चावणारे. त्यावर आपण अंगाला डीईईटीचा स्प्रे मारतो, तो मांजराला चालत नाही. हात धुऊनच तिला उचला. आणि मांजराच्या ट्रेमधलं लिटर (शी-शूसाठीचा भुसा किंवा गोळ्या) मोटरहोमच्या टॉयलेट कॅसेटमध्ये, म्हणजे संडासाखालच्या टाकीत, टाकू नका, पिशवी बांधून कचऱ्यात टाका. आम्ही लाकडाच्या गोळ्यांचं लिटर वापरतो. साध्या कार लायसन्सवर चालवायच्या गाड्यांना ३,५०० किलोंची मर्यादा, त्यामुळे पाणी, गॅस, सायकली यांच्या जोडीला मांजराच्या सामानाचंही वजन मोजावं लागतं.

वेगाबद्दल. नॉर्थ कोस्ट ५०० हा उत्तर स्कॉटलंडला वळसा घालणारा रस्ता ५१६ मैलांचा, आणि लोक तो आठवड्यात उरकतात. मांजर असेल तर नका. एकपदरी रस्ते, समोरून गाडी आली की पासिंग प्लेसमध्ये थांबा, वळणं, ब्रेक. कॅरियरमधलं मांजर लाळ गाळायला लागतं. आम्ही त्यातला फक्त उल्लापूल ते डरनेस एवढाच पट्टा घेतला आणि दोन्हीकडे भरपूर राहिलो. डरनेसची कॅम्पसाइट समुद्राच्या कड्यावर आहे, रात्री वाऱ्याने अख्खी गाडी हलते. ठमी त्या रात्री माझ्या गुडघ्यांच्या वळणात दुलईखाली झोपली होती आणि तिचं घुरघुरणं पायाला जाणवत होतं. आपलं घर हलतंय एवढंच तिला कळत होतं, आणि तेवढं ती सोसत होती.

युरोपात जाणाऱ्यांसाठी: ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, ब्रिटनमधला जुना पेट पासपोर्ट चालत नाही. चिप, मग रेबीजची लस, पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबणं, आणि निघण्याआधीच्या १० दिवसांत व्हेटकडून ॲनिमल हेल्थ सर्टिफिकेट. जंतांची गोळी परत येताना कुत्र्यांना लागते, मांजरांना नाही. माझं मत विचाराल तर फेरीबोटीपेक्षा युरोटनेल, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून गाड्या नेणारी रेल्वे, बरी. ३५ मिनिटांचा प्रवास, आणि आपण आपल्या गाडीतच मांजराजवळ बसतो.

महाराष्ट्रातूनही विचारणा होते. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे उत्सुकता आहे, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण एप्रिल-मेमध्ये उभ्या गाडीचं तापमान आणि मोकाट कुत्री या दोन गोष्टींची सोय लागल्याशिवाय मी तिथे मांजर नेणार नाही.

आणि कॅम्पसाइटवाल्यांकडे एक मागणी. 'पाळीव प्राण्यांचं स्वागत' असं लिहिता, आणि खालच्या सगळ्या नियमांत फक्त कुत्रे असतात. कुत्र्यांना फिरायला वेगळं कुरण, कुत्रे धुवायला शॉवर, मांजराचं नावही नाही. एका ठिकाणी तर बुकिंग झाल्यावर, दारात पोहोचल्यावर आम्हाला सांगितलं की मांजर चालणार नाही. लांबून, थकून आलेल्या माणसांना आणि जनावराला असं परत पाठवणं योग्य नाही. मांजर नको असेल तर तसं स्पष्ट लिहा. हवं असेल तर कुत्र्यांपासून लांबची, कोपऱ्यातली चार पिचं बाजूला ठेवा, आणि पट्ट्याची अट मांजरालाही घाला. आम्ही आनंदाने पाळू. तोपर्यंत मी कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लबच्या सदस्यांसाठीच्या, जास्तीत जास्त पाच गाड्यांच्या छोट्या सीएल साइटच निवडते, कुणाच्या तरी शेतातल्या, आणि बुक करण्याआधी मालकाला फोन करून विचारते: तुमच्याकडे कुत्रं आहे का, ते मोकळं असतं का, आणि आमचं मांजर चालेल का?