अण्णांच्या सदतीस ओव्हर

अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले की त्यांच्या पिशवीत तीन गोष्टी हमखास असतात, गोळ्यांचा डबा, कराडहून आणलेलं मेतकूट आणि स्कोअरची वही. वही म्हणजे शाळेची दोनशेपानी फुलस्केप, पट्टीने रेघा मारून चौकटी केलेल्या, आणि त्यात टेस्ट मॅचचा एकेक बॉल लिहायचा, डॉट बॉलला टिंब, मेडन झाली की सहा टिंबं जोडून एम करायचा. हे काम ते गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं करतायत, आधी रेडिओ ऐकून, मग टीव्ही बघून, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून कॉम्प्युटरवर, कारण तिथे एका साइटवर बॉल बाय बॉल कॉमेंट्री लिहून येते आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. कराडच्या घरी सगळं सेट आहे. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर ते पहिल्यांदाच बसणार होते.

शनिवार, सकाळचे सव्वानऊ. साडेनऊला मॅच. चहा झालाय, पेन्सिलीला टोक काढून झालंय, मी रुबाबात साइटचं नाव टाइप केलं, एंटर मारलं, आणि स्क्रीनवर आलं की ही साइट उघडता येत नाही, तिने कनेक्शन नाकारलंय.

नाकारलंय! मुलीकडच्यांनी स्थळ नाकारावं तसं, कारण वगैरे काही नाही. नेट पूर्ण गेल्यावर ब्राउझरमध्ये तो उड्या मारणारा डायनासोर तरी येतो, तेवढाच विरंगुळा, इथे तोही नाही. बाकी सगळं चालू होतं. बातम्या उघडत होत्या, मेल उघडत होती, बायकोची साड्यांची साइट तर मागितली नसताना उघडली. फक्त क्रिकेट बंद.

"साइटच बंद असेल," मी म्हणालो. लगेच बायकोने तिच्या मोबाइलवर तीच साइट उघडून माझ्या नाकासमोर धरली. तेही आमच्याच वायफायवर. अण्णांनी फोन हातात घेतला, चष्म्याच्या वरून खालून बघितलं, म्हणाले अक्षर मुंगीएवढं आहे रे, आणि मोठं करायला गेले तर दोन वेळा जाहिरातीवर बोट पडून गुडघेदुखीच्या तेलाची ऑर्डर होता होता राहिली.

पहिला तास जे सगळे करतात तेच केलं. रिस्टार्ट. राउटरची पिन काढून तीस आकडे मोजून परत घातली. दुसरा ब्राउझर. इन्कॉग्निटो. हिस्टरी साफ केली, त्याने साइट उघडली नाही, फक्त सगळीकडचे पासवर्ड परत टाकायची वेळ आली. मग कस्टमर केअर. पंचवीस मिनिटं सनई ऐकवल्यावर एक मुलगा आला आणि म्हणाला, सर राउटर बंद करून चालू करा. म्हटलं केलाय बाबा. म्हणाला, आत्ता माझ्यासमोर करा. केला. त्यात फोनच वायफाय कॉलिंगवर होता, तो कट झाला.

नेटवाला पोरगा शेजारच्याच बिल्डिंगमध्ये वायर ओढत होता, त्याला वरून हाक मारून आणलं. त्याने स्पीड टेस्ट लावली, काटा शंभराला टेकलेला दाखवला, "नेट ओके आहे साहेब, मशीनचा प्रॉब्लेम आहे," म्हणाला, चहा घेतला आणि गेला. माझा अनुभव असा की या जगात नेटवाल्यांच्या मते नेट कायम ओके असतं, प्लंबरच्या मते टाकी ओके असते, आणि मशीन नेहमी आपलंच असतं. चीड याची आली की या वेळी तो बरोबर होता.

"किती झाल्या ओव्हर?" अण्णांनी विचारलं. बायकोने फोनवर बघून सांगितलं, एकवीस. अण्णांनी वहीत एकवीस चौकटी मोकळ्या सोडल्या. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग बेंगळुरूच्या भाच्याला फोन लावला. हा कॉम्प्युटरमधलाच, पण मामाचा फोन आला की आधी उसासा टाकतो. त्याने काळी खिडकी उघडायला लावली, सीएमडी. एक कमांड दिली, आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस. डीएनएस म्हणजे इंटरनेटची फोन डिरेक्टरी, आपण नाव द्यायचं आणि तिने नंबर शोधून द्यायचा, हे मला त्या दिवशी कळलं. जुने लक्षात ठेवलेले नंबर पुसून टाकले. काही फरक नाही. मग डिरेक्टरीच बदलली, चार वेळा आठ असा पत्ता घातला, मग चार वेळा एक. तरी साइट ढिम्म. मग म्हणाला एनएसलुकअप करून बघ. त्यात साइटचा नंबर व्यवस्थित आला. आता तोही गप्प झाला. भाचा गप्प झाला की मला बिलाचा आकडा दिसायला लागतो.

"मामा, आता पिंग मार आणि काय येतं ते वाच."

मारला. चारही वेळा रिप्लाय आला, आणि वेळ? एक मिलीसेकंदापेक्षाही कमी! मला तर अभिमानच वाटला. म्हटलं बघ, कुठल्या देशात तो सर्व्हर असेल कोण जाणे, पण आमचं नेट एका मिलीसेकंदात जाऊन येतंय.

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग, "मामा, रिप्लाय कुठून आलाय? नंबर वाच."

"एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक."

"तो तूच आहेस."

"म्हणजे?"

"तो तुझा स्वतःचाच कॉम्प्युटर आहे. प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःला त्या नंबराने ओळखतो. तू साइटला हाक मारतोयस आणि ओ तूच देतोयस. मामा, तुझी होस्ट्स फाइल बघू."

तर अशी एक फाइल असते. डीएनएस यायच्या आधी, म्हणजे 1983च्या आधी, नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि नंबर अशा एकाच फाइलीत असायचे म्हणे, आणि ती सगळ्यांनी उतरवून घ्यायची. पुढे यंत्रं वाढली, डिरेक्टरी आली, पण ती फाइल प्रत्येक कॉम्प्युटरात अजून आहे, जुन्या वाड्यातल्या आत्याबाईंसारखी, आणि कॉम्प्युटर अजूनही आधी तिला विचारतो, मग बाहेर. एनएसलुकअप मात्र आत्याबाईंना न विचारता थेट डिरेक्टरीकडे जातं, म्हणून तिथे नंबर बरोबर येत होता.

फाइल सापडता सापडेना. विंडोज, मग सिस्टम बत्तीस, मग ड्रायव्हर्स, मग ईटीसी, म्हणजे शेवटी अक्षरशः 'वगैरे' नावाच्या फोल्डरात. नोटपॅडने तिथे गेलो तर फोल्डर रिकामा. खाली 'ऑल फाइल्स' निवडायचं असतं, कारण या फाइलीला आडनावच नाही, डॉट टीएक्सटी वगैरे काही नाही. उघडली. वर मायक्रोसॉफ्टने नमुन्यादाखल दिलेल्या ओळी, त्यात चक्क एक ऱ्हायनो, म्हणजे गेंडा. आणि सगळ्यात खाली 127.0.0.1, त्याच्यापुढे क्रिकेटच्या साइटचं नाव, आणि त्याच्याही पुढे हॅशचं चिन्ह देऊन लिहिलेलं: "इथपर्यंत आलास? लाज वाटते का? परत क्रिकेटचं नाव काढू नकोस. काम कर."

बायकोने मागे उभं राहून ते मोठ्यांदा वाचलं. अण्णांना ऐकू जाईल असं.

भाच्याने फाइलीची तारीख विचारली. 19 डिसेंबर 2020. मग सगळं लख्ख आठवलं. अ‍ॅडलेड. 36 धावांत आपला डाव खलास. लॉकडाउनमध्ये वर्क फ्रॉम होमसाठी घेतलेला हा कॉम्प्युटर, त्यावर ऑफिसची खिडकी बारीक करून दिवसभर स्कोअर बघणारा मी, आणि त्या सकाळच्या संतापात कुठलासा व्हिडिओ बघून घेतलेली ही भीष्मप्रतिज्ञा. महिन्याभरात ब्रिस्बेनला आपण सिरीज जिंकलो तेव्हा मी टीव्हीसमोर नाचत होतो, प्रतिज्ञा केव्हाच विसरलो होतो, आणि त्यानंतर स्कोअर बघायचा तो मोबाइलवरच. फाइलीने मात्र शब्द पाळला.

ओळ खोडली, सेव्ह केलं, तर परवानगी नाही म्हणाला. माझा कॉम्प्युटर, माझी ओळ, माझीच लाज, आणि मला परवानगी नाही! मग नोटपॅड बंद करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून परत उघडायचं, परत त्या 'वगैरे'पर्यंत जायचं, परत ओळ खोडायची. एंटर. साइट उघडली. लंचनंतरचा खेळ चालू होता, सदतीस ओव्हर झाल्या होत्या.

"अण्णा, मागच्या ओव्हरपण सगळ्या इथे आहेत, खाली गेलं की दिसतात, मी वाचतो तुम्ही लिहा."

"झालेले बॉल बघून लिहायचे?" अण्णांनी पेन्सिल उचलली. "त्याला कॉपी म्हणतात." आणि अडतिसाव्या ओव्हरच्या चौकटीत पहिलं टिंब दिलं. त्याच्या वरच्या सदतीस चौकटी तशाच कोऱ्या आहेत. समासात त्यांच्या बारीक अक्षरात एवढंच लिहिलंय, 'चिरंजीव'. मॅचमध्ये पाऊस आला तर ते तिथेच 'पाऊस' लिहितात.

सोमवारी मॅचचा तिसरा दिवस. सकाळी दहाला माझा ऑफिसचा कॉल होता. मी कॅमेरा बंद ठेवून अण्णांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो होतो, चौदावी ओव्हर चालली होती, बॉल स्विंग होत होता, आणि कॉलवर कोणीतरी माझं नाव घेऊन दुसऱ्यांदा काहीतरी विचारत होतं. बायको चहाचे कप ठेवायला आली, एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि भाच्याला फोन लावला.

"अरे, ती शनिवारी खोडलेली ओळ होती ना, ती परत कशी घालायची रे?"