वजन दुप्पट, मग जेवण दुप्पट का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमचं म्हणणं असं: दिवसाला किलोमागे ३० कॅलरी हा हिशोब सगळेच सांगतात. त्याप्रमाणे ९० किलोच्या तुम्हाला २,७०० आणि ४५ किलोच्या सूनबाईंना १,३५० हव्यात. माझ्या तक्त्यात मात्र तुम्हाला २,३०० आणि त्यांना १,५००. ‘साधं त्रैराशिक जमत नाही आणि आहारावर लिहिता?’ असंही वर सुनावलंत.

त्रैराशिक येतं हो, इथे ते लागू पडत नाही एवढंच. तक्ता १९९०च्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रावर बेतलेला आहे; नुसतं पडून राहायला शरीराला दिवसाला किती कॅलरी लागतात ते हे सूत्र सांगतं. पुरुषासाठी वजनाला १० ने गुणायचं, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने, त्यातून वयाची पाचपट वजा करायची आणि ५ मिळवायचे. बायकांसाठी ५ मिळवण्याऐवजी १६१ वजा. तुमची उंची १६५, वय ५८. वजनाचे आले ९००, बाकी सगळ्याचे मिळून ७४६. नुसतं पडून राहायला १,६४६, बैठ्या कामासाठी १.४ ने गुणले की २,३००. उद्या तुम्ही ६० किलोचे झालात तरी ते ७४६ जागचे हलणार नाहीत, आणि आकडा १,९०० च्या आसपास थांबेल. सोसायटीच्या मेंटेनन्ससारखंच आहे हे: फ्लॅट लहान असो की मोठा, लिफ्ट आणि वॉचमनचा वाटा सारखाच.

शरीरातला वॉचमन म्हणजे मेंदू, यकृत, हृदय, मूत्रपिंडं. वजनात यांचा वाटा पाच-सहा टक्के, पण विश्रांतीच्या वेळच्या खर्चातला निम्म्याहून जास्त यांचाच. यकृत किलोला दिवसाला सुमारे २०० कॅलरी खातं, स्नायू १३, आणि चरबी जेमतेम साडेचार. वाढलेलं वजन बहुतेक चरबीचं असतं. पोटाचा घेर वाढला म्हणून मेंदू वाढत नाही (वाढला असता तर बरं झालं असतं).

म्हणून ३० चा गुणाकार जाड माणसाला जास्त वाढतो आणि बारीक माणसाचं ताट कापतो. सूनबाई तिशीच्या, उंची १५०: सूत्राने १,०७७, गुणिले १.४ म्हणजे १,५००. तुमच्या हिशोबाने त्यांच्या वाट्याच्या रोज दीडशे कॅलरी गेल्या, दीड-दोन पोळ्या!

‘आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) तर सरसकट २,११० म्हणतं’ हेही तुम्ही लिहिलंय. सरसकट नाही. २०२० च्या शिफारशीत तो आकडा ६५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या पुरुषाचा आहे. ५५ किलोच्या बाईला १,६६०. भागून बघा, किलोला ३०-३२ येतात. पण तो भागाकार त्या-त्या वजनापुरताच खरा.

आता तुमचा डोंबिवली-दादर उभ्याने प्रवास आणि दादरचा पूल, ज्यांच्या जोरावर ‘मी बैठा नाही’ म्हणता. हालचालीच्या बाबतीत तुमचं त्रैराशिक बरंचसं बरोबर आहे, कारण तिथे वजन खरोखरच उचलावं लागतं. पण किती? सहा मीटर उंच जिना ९० किलो घेऊन चढायला पाच-सहा कॅलरी. म्हणजे एका ग्लुकोज बिस्किटाचा तुकडा. सपाट रस्त्यावर किलोमीटरभर चालणं त्याहून कितीतरी भारी, बसून राहण्यापेक्षा ४०-४५ जास्त. गर्दीत लोंबकळण्याने घाम येतो, कॅलरी फारशा जात नाहीत. तेव्हा ‘मी बैठा नाही’ हे स्टेशन ते ऑफिस शेअर टॅक्सी सोडलीत तर मानेन.

सूत्र अमेरिकेतल्या लोकांवर मोजून बनवलंय, हा तुमचा आक्षेप मात्र वजनदार आहे. फक्त तो तुमच्या विरुद्ध जातो: भारतीयांचा विश्रांतीचा खर्च थोडा कमीच भरतो, आयसीएमआरच्या जुन्या शिफारशींत तो पाच टक्के कमी धरला होता.

तेव्हा २,३०० पासून सुरुवात करा. दर रविवारी सकाळी, चहाआधी, त्याच काट्यावर वजन करा. महिनाभरात वाढलं तर दोनशे कमी करा. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत असं लिहिलंयत, म्हणून ताटात बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा. चार रविवारचे आकडे इथेच टाका, मग १.४ चा गुणक तुमच्यासाठी बदलायचा का ते बघू.