टाळ कुटून काय होतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

आईच्या भजनी मंडळावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने टोपणनावाने प्रतिक्रिया दिली आहे. तिचा मजकूर थोडक्यात असा: "टाळ कुटून डिप्रेशन जात नसतं. माझ्या वडिलांना मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी उठवून बसवलं, शेजाऱ्यांनी नाही. नातवंडं आणि स्वयंपाकातून सुटका नसलेल्या बाईने तुमच्या मंडळात यायचं कधी? आणि म्हातारी माणसंच सर्वांत एकटी असतात, हा शोध कुठून लावलात? तुमच्यासारखे लोक विरंगुळा उपचार म्हणून विकतात."

उत्तर लांबलं, म्हणून स्वतंत्र लिहिते.

आधी माझी चूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या जून २०२५च्या अहवालात एकटेपणा किशोरवयीन आणि तरुणांमध्ये जास्त आढळला आहे. मी उलट लिहिलं होतं. ते वाक्य दुरुस्त केलं आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. पण तोच अहवाल एकटेपणाशी निगडित मृत्यूंचा अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या वर देतो. तो आकडा माझ्या लेखातही होता. त्याबद्दल तुमचा एक शब्द नाही.

आता 'टाळ कुटून'. हे आपण कुणाला उद्देशून म्हणालात, याचा जरा विचार करा. लेखात मंडळ होतं ते माझ्या आईचं, मिरजेचं. सत्तरी ओलांडलेल्या अकरा बायका. त्यांच्याबद्दल ही भाषा?

आई चाळीस वर्षं कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहीत आली. अर्धा लिटर कमी, पाहुणे म्हणून जादा पिशवी, गॅसचा नंबर लावला, सगळं त्या चौकोनांत. बाबा गेले आणि चौकोन कोरे राहायला लागले. पान उलटायची ती कामाला येणारी बाई. मी ठाण्याहून रोज फोन करायचे, आई "जेवले" म्हणायची. दिवाळीत गेले तेव्हा डब्यात पीठ नव्हतं. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत झोपेची गोळी लिहून दिली. सगळं बोलणं माझ्याशी, आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

समोरच्या वाड्यातल्या काकू दोनदा बोलवायला आल्या, आई गेली नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मंडळाची पेटीच घरी पाठवली, "भाता फाटलाय, तेवढा बघून द्या" असा निरोप देऊन. आई लग्नाआधी पेटी शिकली होती. ती दुपारभर भात्याला पट्टी चिकटवत बसली, मग सूर लागतात का म्हणून वाजवून पाहिलं. संक्रांतीला मी गेले तेव्हा गुरुवारच्या चौकोनात तिचं अक्षर होतं: "भजन ४ वा. काळी दोन. गूळ आणणे." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. यात मी काय विकलं, ते सांगा. या ब्लॉगवर साधी एक जाहिरातही नाही.

पुरावा हवा असेल तर गोव्याचा घ्या. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, साठी उलटलेल्या आणि मन खचायला लागलेल्या १८१ जणांवरचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले समुपदेशक निम्म्यांशी नेमाने बोलत. झोप, मधुमेह, घरातल्या अडचणी, सरकारी मदत, सगळ्यात लक्ष घालत. वर्षभरात त्यांच्यापैकी चारेक टक्के लोकांना नैराश्याचा आजार जडला, इतरांमध्ये चौदा टक्क्यांच्या वर. टाळ नव्हते तिथे, कबूल. पण विचारपूस करणारं माणूस होतं, आणि माझा लेख त्याबद्दलच होता. २०१० साली ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास, तीन लाखांहून अधिक माणसं एकत्र तपासली. ज्यांचं माणसांशी नातं घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. हाही विरंगुळाच का?

तुमच्या वडिलांना बरं वाटलं, आनंद आहे. गोळ्या घेऊ नका असं मी कुठेही लिहिलेलं नाही, तेव्हा तो मुद्दा इथे लागू होत नाही. पण गोळी दिल्यानंतर दुपारभर त्यांच्याजवळ कोण बसतं, तेही लिहायचं होतंत.

नातवंडांत अडकलेल्या बाईचं म्हणाल, तर तो विषय वेगळा आहे आणि मोठा आहे. एका लेखात सगळं येत नाही. पुन्हा कधीतरी.

मतभेद जरूर लिहा, मी आजवर कुणाची प्रतिक्रिया उडवलेली नाही. मात्र आई माझा ब्लॉग फोनवर वाचते. तुमचंही वाचलं तिने. "कुटत नाही गं, वाजवतो आम्ही," एवढंच म्हणाली आणि चष्मा काढून ठेवला. त्यामुळे तो शब्द इथे पुन्हा दिसला तर प्रतिक्रिया काढून टाकेन, हे आताच सांगून ठेवते.