मागणीपत्राची जावक प्रत: एका डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

सरकारी दवाखान्यात औषध मिळालं नाही तर माहिती अधिकार कसा टाकावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. चार ओळींत उत्तर देणं बरोबर वाटेना, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहात आणि तिथले जन माहिती अधिकारी, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जांना उत्तर देणारे, तेही तुम्हीच. वर्षभरात एकाच माणसाचे चौदा अर्ज आले. एकात पाच वर्षांच्या ओपीडी रजिस्टरच्या प्रती मागितल्या होत्या. केंद्रात झेरॉक्स नाही, म्हणून लसीकरणाच्या दिवशी सिस्टरना रजिस्टरं घेऊन तालुक्याला जावं लागलं. मग त्याच माणसाचा फोन आला, "साहेब, बसून मिटवून टाकू." तुम्ही लिहिलंय, "तुमच्यासारखे लोक अशांच्या हातात कोयता देतात आणि वार आमच्यावर होतात."

आधी माझी चूक. "एकेका केंद्रावर दहा-दहा अर्ज गेले की आपोआप सुधारणा होते," असं मी त्या लेखात लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. दहा अर्जांनी औषध येत नाही, क्लार्कचे दहा दिवस जातात. ती ओळ मी काढली आहे आणि का काढली तेही लेखाखाली लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात बजावलं होतं की ७५ टक्के कर्मचारी आपला ७५ टक्के वेळ माहिती गोळा करण्यात घालवतायत, असं चित्र देशाला नको आहे. त्याच निकालाने विद्यार्थ्यांना स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्कही दिला. दोन्ही गोष्टी एकाच निकालात आहेत, आणि मला दोन्ही मान्य आहेत.

"मिटवून टाकू" म्हणणारा माणूस खंडणी मागतोय. त्याची जागा पोलीस ठाण्यात आहे, आणि त्याच्यासाठी माझ्याकडे एक शब्दही सहानुभूतीचा नाही. पण पाच वर्षांची रजिस्टरं झेरॉक्स करून देणं तुमच्यावर बंधनकारक नव्हतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही याचं मला फार वाईट वाटलं. मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागत असेल, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(९) खाली दुसऱ्या स्वरूपात देता येते. म्हणजे "या, बसा, बघा" असं कळवायचं. रजिस्टरात रुग्णांची नावं आणि आजार असतात, ते तर उघडे करायचेच नाहीत. कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून उरलेला दाखवायचा. एचआयव्हीच्या नोंदींना २०१७ च्या कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द ही मर्यादा आहे. "असं का केलं?" या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे माहिती देणं नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगितलंय. आणि माहिती दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या ताब्यात असेल तर कलम ५ खाली त्याची लेखी मदत मागायची. त्याने टाळलं तर जबाबदारी त्याच्यावर जाते. तुम्हाला जन माहिती अधिकारी केलं, पण त्याचं प्रशिक्षण दिलं नाही. माहितीला उशीर झाला तर दंड मात्र दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००, आणि तो तुमच्या पगारातून. हा अन्याय आहे. पण तो कायद्याने केलेला नाही. तुम्हाला एकटं सोडणाऱ्या वरच्या कार्यालयाने केलाय.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तुम्ही विचारलंय की मी या भानगडीत का पडलो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या भाच्याला कुत्रं चावलं. पोटरीवर, दोन ठिकाणी. साबणाने जखम धुऊन आम्ही त्याला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं. रेबीजची लस नव्हती. "बाहेरून आणा." आणली, पोरगं आज ठणठणीत आहे. पण त्या रात्री दाजी ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या अंगावर धावून गेले. "लस विकून खाता का?" असं चारचौघांत म्हणाले. मी मध्ये पडलो नाही. मलाही तेच वाटत होतं.

मी अर्ज टाकला आणि प्रती न मागता पाहणी मागितली. एका दुपारी औषध भांडारातल्या लोखंडी टेबलाशी बसलो. फार्मासिस्टने साठा नोंदवही पुढ्यात ठेवली. लसीच्या पानावर शेवटच्या रकान्यात शिल्लक उतरत गेली होती: ४०, ३१, १८, ७, २, आणि मग शून्य. त्याखाली एकोणीस दिवस शून्यच, रोज तारीख टाकून, रोज सही करून. मग त्याने न मागता दुसरी फाइल आणली. मागणीपत्रं, म्हणजे लस पाठवा म्हणून वरच्या कार्यालयाला धाडलेली पत्रं. पहिलं गेलं होतं ते शिल्लक चाळीस असताना, म्हणजे भाच्याला कुत्रं चावण्याच्या सहा आठवडे आधी. त्यानंतर चार स्मरणपत्रं. प्रत्येकावर जावक क्रमांक, प्रत्येकाखाली त्याच डॉक्टरांची सही. तिसऱ्यावर त्यांनी पेनने "अत्यंत तातडीचे" लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. वरून आलेलं उत्तर एकच: साठा उपलब्ध होताच पुरवठा करण्यात येईल.

मी घरी येऊन दाजींना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटेच रुग्णालयात गेले आणि डॉक्टरांची माफी मागून आले.

डॉक्टर, त्या फाइलीने त्या माणसाला वाचवलं. ती माझ्यासारख्या परक्याला बघायला मिळाली म्हणूनच वाचवलं. कपाटात राहिली असती तर आमच्या गावात ते आजही लस विकणारे डॉक्टर असते.

हे एकट्या आमच्या तालुक्याचं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. औषधं होती की नव्हती यावर दोन्ही बाजूंनी दावे झाले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण त्याआधी काय झालं? एका खासदारांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) हातात झाडू दिला आणि कॅमेऱ्यासमोर शौचालय साफ करायला लावलं. औषधाची मागणी कधी गेली, खरेदी कुठे अडकली, पैसे कधी सुटले, हे त्या दिवशी लोकांसमोर कागदावर असतं तर झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे इतक्या सहज ठरलं नसतं. माहिती बंद असली की राग सगळ्यात जवळच्या पांढऱ्या कोटावर निघतो. तो कोट तुमचाच असतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तुमच्याकडे येणाऱ्या अर्जांतलं बरंचसं आधीच भिंतीवर असायला हवं होतं. कलम ४ मधल्या कामं, अधिकारी, खर्च अशा १७ मुद्द्यांची माहिती कायदा झाल्यापासून १२० दिवसांत प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची होती. कायदा २००५ चा आहे. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जिल्ह्यातल्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत नागरिकांना फाइली पाहू द्यायच्या आहेत. किती जणांना हे ठाऊक आहे? लसीचा आणि मुख्य औषधांचा आजचा साठा, शेवटच्या मागणीपत्राची तारीख आणि जावक क्रमांक एवढं फळ्यावर आलं, तरी खऱ्या गरजूला अर्ज टाकावा लागणार नाही. आणि धमकीवाल्याकडे धमकी द्यायला काही उरणार नाही, कारण जे सगळ्यांनी पाहिलंय ते दाबायचे पैसे कोण देईल?

कोविडच्या काळात "विषाणू वेगळा केल्याचा पुरावा द्या" असे अर्ज आल्याचं तुम्ही लिहिलंय. तुमचा वैताग मी समजू शकतो. पण त्याचं उत्तर पुण्यातच होतं. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये रुग्णांच्या नमुन्यांतून तो वेगळा केला आणि शोधनिबंधही छापला. अर्ज संबंधित कार्यालयाकडे पाच दिवसांत वर्ग करायची सोय कलम ६(३) मध्ये आहे. अशा माणसाचा विश्वास एका कागदाने परत येईल असं मी म्हणत नाही. पण टाळाटाळीने काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथल्या औषध प्रशासनाने फायझर लसीची कागदपत्रं महिन्याला ५०० पानं या गतीने देऊ, असं कोर्टात सांगितलं. लाखो पानांच्या हिशोबाने त्याला पन्नासहून जास्त वर्षं लागली असती. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधीशांनी महिन्याला ५५,००० पानं द्या असा आदेश दिला. मधल्या काळात लसीविरोधकांना आयता प्रचार मिळाला: लपवायचं नाही तर इतकी वर्षं कशाला? आपल्याकडेही मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती, व्यक्तीची ओळख न उघडता, लोकांसमोर ठेवा. लसीवर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच हे कोर्टाच्या आधी व्हायला हवं होतं असं वाटतं.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, "एक दिवस तरी प्रा. आ. केंद्रात बसून बघितलंय का?" अख्खा दिवस नाही बसलो. तुमची हरकत नसेल तर येतो. लसीकरणाचा दिवस सोडून कधीही. १७ मुद्द्यांचा मसुदा मी तुमच्या क्लार्कसोबत बसून लिहून देईन, साठ्याच्या फळ्याचा रंग आणि खडू माझ्याकडून. वार तुम्ही कळवा.